मगदूमबाईंच्या खिडकीतले बावीस नापास

राजमती मगदूम यांनी आयुष्यात अंडे खाल्लेले नाही, कांदा चाखलेला नाही, सूर्य मावळल्यावर घास तोंडात घातलेला नाही. आणि गेली एकतीस वर्षे त्या सांगलीतल्या एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत सकाळी नऊ ते संध्याकाळी सहापर्यंत रक्ताच्या नळ्या हलवत बसलेल्या आहेत. दुधगावच्या जैन शेतकऱ्याची ही मुलगी लग्नानंतर नोकरीला लागली, तेव्हा सासऱ्यांनी हरकत घेतली होती. ज्या घरात पाणीसुद्धा दोनदा गाळून पितात, त्या घरच्या सुनेने रक्ताचा धंदा करावा हे त्यांच्या गळी उतरेना.

“मामंजी,” राजमतीने पदर सावरून सांगितले, “कसाई विचारून घेत नाही. आम्ही विचारून घेतो, आणि वर चहा-बिस्किट देतो.”

सासऱ्यांना हे पटले नाही. पुढे ते बैलगाडीवरून पडले आणि त्यांना दोन पिशव्या रक्त लागले, तेव्हा पलंगावर पडल्या पडल्या त्यांनी सुनेला एकच प्रश्न विचारला: हे रक्त ज्याचे आहे तो काय खातो? “वरण-भात,” सुनेने ठोकून दिले. रक्त एका नामांकित मटण खानावळीच्या मालकाचे होते. बाईंच्या एकतीस वर्षांच्या नोकरीतली ही एकमेव खोटी नोंद, आणि तीही तोंडी.

बाकी सगळ्या नोंदी खऱ्या. इतक्या खऱ्या, की रुग्णालयातले डॉक्टर त्यांना घाबरून असत. रक्तपेढीच्या खिडकीतून डॉक्टरांनी कितीही घाई केली, तरी नळीने होकार दिल्याशिवाय पिशवी बाहेर पडत नसे. नळीचा होकार समजायला सोपा आहे. रोग्याच्या रक्तातले वरचे पिवळे पाणी घ्यायचे, पिशवीतल्या रक्ताच्या लाल पेशी त्यात सोडायच्या, ऊब द्यायची, धुवायचे, औषधाचा थेंब टाकून फिरवायचे आणि नळी हळूच हलवायची. पेशी सुट्या होऊन धुरासारख्या वर आल्या तर जुळले. चिकटून त्यांचे खडे झाले तर रोग्याच्या त्या पाण्यात पिशवीचा कुणीतरी वैरी बसला आहे, ती पिशवी परत फ्रीजमध्ये. नात्यातल्या बायका बाईंना कौतुकाने विचारत, एवढी रक्ते जुळवतेस, आमच्या पोराचे कुठे जुळते का बघ. बाई म्हणत, “पत्रिका अठरा गुणांवर खपते. माझ्याकडे छत्तीसच्या छत्तीस लागतात.”

निवृत्तीला दहा महिने राहिले असताना, चैत्रातल्या एका मंगळवारी, अर्जुना मेटकरी याच्या रक्ताची नळी त्यांच्या टेबलावर आली.

अर्जुना आटपाडी तालुक्यातला. वय सदुसष्ट. जन्म मेंढरामागे गेलेला. दिवाळी झाली की कळप घेऊन पश्चिमेला निघायचे, लोणंदच्या बाजारात मेंढरे विकायची, पावसाच्या तोंडाला माघारी यायचे. आता थोडी शेती, थोडी मेंढरे. अंगात रक्त किती असावे याचा सरकारी आकडा तेरा-चौदा. त्याचा भरला तीन पूर्णांक आठ. चार पावले चालला तरी धाप लागत होती. वॉर्डातल्या तरुण डॉक्टर राजेश्वरी स्वतः खिडकीशी आल्या.

“बाई, आज संध्याकाळच्या आत दोन पिशव्या चढल्या नाहीत तर याचं हृदय टिकणार नाही.”

“गट कोणता?”

“बी पॉझिटिव्ह.”

“फ्रीजमध्ये चौदा आहेत,” बाई म्हणाल्या. “अर्ध्या तासात देते.”

अर्ध्या तासात चौदाच्या चौदा नापास झाल्या.

बाईंनी नळ्या पुन्हा लावल्या. शेजारच्या टेबलावरचा धनाजी, जो वयाने वीस वर्षांनी लहान आणि भुकेने दुप्पट होता, त्यानेही लावल्या. पुन्हा चौदा नापास. अर्जुनाला रक्त लागणार ही बातमी पहाटेच आटपाडीला पोचली होती, आणि तिच्या पाठोपाठ एक पिकअप भरून भावकी सांगलीला आली होती. रक्त देण्यालाही मान असतो. आधी कोण देणार यावरून खिडकीसमोर थोडी बाचाबाची झाली. सख्खे पुतणे, मग चुलत पुतणे, मग जावई, आणि शेवटी पिकअपचा ड्रायव्हर, असा क्रम ठरला. त्यांत बी पॉझिटिव्ह आठ निघाले. बाईंनी आठही नमुने लावले.

आठही नापास.

सख्खा पुतण्या बिरदेव हा तालमीतला गडी. त्याला हे लागले. “मॅडम, मी दिवसाला दोन लिटर दूध पितो. माझं रगात नापास कसं काय?”

“तुमचं रक्त पास आहे,” बाई म्हणाल्या. “तुमच्या चुलत्याचं रक्तच कुणाला पास करत नाही.”

“आवं, पन मी सख्खा हाय.”

“सख्खे असा नाहीतर सावत्र. नळी नातं बघत नाही.”

मागे भिंतीला टेकून बसलेली अर्जुनाची बायको सुलाबाई तंबाखू मळता मळता म्हणाली, “तेचं उभ्या जन्मात कुनासंगं जुळलंय? तुमची बाटली काय जुळनार.”

भावकीत हशा झाला. बाई हसल्या नाहीत. बावीस नळ्या रांगेने समोर उभ्या होत्या, प्रत्येकीच्या तळाशी तसेच बारीक खडे. दुपारचे बारा वाजत आले होते. डॉक्टर राजेश्वरी पुन्हा आल्या आणि म्हणाल्या, “पाचपर्यंत थांबते. नाहीतर माझ्या सहीवर जे त्यातल्या त्यात कमी चिकटेल ते द्या.” असे देता येते, नियमात बसते. फक्त नळीने नको म्हटलेले रक्त अंगात गेले आणि खरोखरच वैर निघाले, तर गेलेल्या पेशी आत फुटतात, मूत्रपिंडे तुंबतात, आणि तीन पूर्णांक आठवर आलेल्या माणसाला ते सोसत नाही. अशी सही होताना बाईंनी दोनदा पाहिली होती. तिसऱ्यांदा पाहायची त्यांना हौस नव्हती.

त्यांनी आता उलट बाजूने सुरुवात केली. अर्जुनाच्याच पिवळ्या पाण्यात अर्जुनाच्याच लाल पेशी सोडल्या. सुट्या झाल्या, धुरासारख्या वर आल्या.

“म्हणजे स्वतःशी भांडण नाही, बाकी अख्ख्या जगाशी आहे,” त्या म्हणाल्या.

“आमच्या सरपंचासारखं,” धनाजी म्हणाला.

“सरपंच सगळ्यांशी सारखं भांडतो का?”

धनाजीने विचार केला. “न्हाई. माणूस बघून भांडतो.”

“तेच मला खटकतंय.”

रक्तातले वैर सहसा माणूस बघूनच असते. कुणाच्या पेशीवर एखादी विशिष्ट खूण असते, तिच्यावर राग असतो. ज्याच्यावर ती खूण नाही तो सुटतो. शंभरात दहा तरी सुटतातच. इथे एकही सुटला नव्हता, आणि सगळे खडे एकाच मापाचे, जणू चाळणीतून काढलेले. इतके निःपक्षपाती वैर निसर्गात नसते. ते बाहेरून आणून टाकलेले असावे असा बाईंना वास आला. त्यांनी अर्जुनाच्या रक्ताचा एक थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. लाल पेशी सुट्या पसरण्याऐवजी एकीवर एक रचून बसल्या होत्या, टोपलीतल्या भाकरीच्या चवडीसारख्या. अस्थिमज्जेच्या एका कर्करोगात अशी चवड दिसते. आणि त्या रोगावर काही वर्षांपासून एक नवे इंजेक्शन निघाले आहे, त्याच्याबद्दल बाईंनी दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका प्रशिक्षणात, जेवणाच्या सुट्टीनंतरच्या अत्यंत झोपाळू तासात, ऐकले होते. वर्गात जागे असलेल्या दोघांपैकी एक शिकवणारे होते.

त्यांनी वॉर्डात फोन लावला. “डॉक्टर, पेशंटला आधीचा काही आजार? पुण्या-मुंबईला इंजेक्शनं?”

“तीनदा विचारलं. काही नाही म्हणतो. एक कागद आणलेला नाही. मुलगा लोणंदला कंपनीत आहे, त्याचा फोन पाळी सुटेपर्यंत लॉकरमध्ये.”

“पाळी कधी सुटते?”

“चारला.”

चारपर्यंत थांबले तर पाच कधी वाजले ते कळणार नव्हते. बाईंनी पांढरा कोट काढला, पुन्हा घातला, आणि खिडकी धनाजीच्या हवाली करून जिना चढल्या. एकतीस वर्षांत त्या वॉर्डात गेल्या असतील तीनदा. रोगी हा त्यांच्या लेखी नळीवरच्या चिठ्ठीतला मजकूर होता. त्याला तोंड असते ही कल्पना त्यांनी कामात येऊ दिली नव्हती.

अर्जुनाला तोंड होते, पण ते मिटलेले होते. नाकाला प्राणवायूची नळी, डोक्याला फेटा, अंगाखाली रुग्णालयाच्या चादरीवर स्वतःचे घोंगडे. सुलाबाई बाईंच्या मागोमाग वर आली होती.

“आबा,” बाई म्हणाल्या, “मी रक्तपेढीतली. तुम्हाला कुठं इंजेक्शनं चालू होती का?”

“न्हाई.”

“काही आजार सांगितला होता का कुणी?”

“न्हाई.”

बाईंनी सुलाबाईकडे पाहिले. सुलाबाईने छताकडे पाहिले. “मला इचारू नगा. बिरोबाची आन घातलीया म्हाताऱ्यानं.”

आण घातली आहे म्हणजे सांगण्यासारखे काहीतरी आहे, एवढे कळायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. बाई घोंगड्याच्या कडेला बसल्या.

“आबा, लपवता का? जीव तुमचाच आहे.”

अर्जुनाने दोन श्वास जमा केले. “बाई, मी सात वर्साचा व्हतो तवापासनं मेंढरं राखली. मेंढरू बोलतंय का?”

“नाही.”

“तरी आमी वळखतो. पापनी खाली वढली की कळतं रगात कमी हाय का. चालीवरनं कळतं खूर दुखतोय का पोट. मेंढराला कवा इचारलं न्हाई, बाबा तुला काय हुतंय.” तो थांबला, धापला. “आन हितं आलं की ज्यो त्यो इचारतोय, काय हुतंय, काय हुतंय. समदं मीच सांगायचं तर तुमी कशाला शिकला?”

सुलाबाई म्हणाली, “आटपाडीच्या चार डाक्टरांची परीक्षा घेतली ह्येनं. चारीबी नापास.”

बाईंच्या लक्षात सगळा प्रकार आला. सकाळपासून खाली त्या बावीस जणांना नापास करत होत्या, आणि वर हा गृहस्थ अख्ख्या वैद्यकशास्त्राला नापास करत पडला होता. जुनी फाइल दाखवली की नवा डॉक्टर तीच वाचून दाखवतो, मग त्याला कळते की नाही हे कसे समजणार? म्हणून फाइल घरी ठेवायची. गावाकडे वाढलेल्या बाईंना हे नवे नव्हते. त्यांच्या स्वतःच्या वडिलांनी मिरजेतल्या एका मोठ्या डॉक्टरांना चुकीचा गुडघा पुढे करून पाहिले होते.

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग मी विचारत नाही. मी सांगते. चुकले तर नापास करा.”

अर्जुनाच्या डोळ्यांत पहिल्यांदा धुगधुगी दिसली. “सांगा.”

बाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिले. एकतीस वर्षांत रोग्याकडे इतका वेळ त्यांनी पाहिले नव्हते. “तुमची कंबर दुखते. वर्षभर दुखते. कुणी म्हणालं वय झालं, कुणी चोळायला तेल दिलं. मग मोठ्या दवाखान्यात सांगितलं की दुखणं हाडाच्या आत आहे.”

सुलाबाईचा तंबाखूचा हात थांबला.

“तिथं पोटात सुई द्यायला लागले. सुई साधी, पण औषध लय सावकाश सोडायचे. आधी आठवड्याला एक. पहिल्या दिवशी सुई दिल्यावरही दुपारपर्यंत उठू दिलं नाही. तुम्हाला थंडी वाजली.”

“फुडं?” अर्जुना म्हणाला.

“पुढं काय. मुंबईला जाऊन यायचा कंटाळा आला, बरं वाटतंय म्हणून गावी आलात, आणि सोडून दिलंत.”

“चुकलं,” अर्जुना समाधानाने म्हणाला. “पुन्याला.”

मग सुलाबाई म्हणाली, “बोललं गं बया. सोताच बोललं. माझी आन सुटली,” आणि तिने एका दमात लोणंद, मुलगा राजवर्धन, त्याच्याबरोबरच्या पुण्याच्या खेपा, चार महिन्यांच्या सुया, शेवटची सुई पाच आठवड्यांपूर्वीची, आणि म्हाताऱ्याचा हेकटपणा असे सगळे सांगून टाकले. बाई मुंबई खरेच चुकून म्हणाल्या की मुद्दाम, हे धनाजी अजून विचारतो. त्या म्हणतात चुकून. धनाजीचा विश्वास नाही.

बाई उठल्या तेव्हा अर्जुनाने बोटाने खूण केली. “जरा वाका.” त्या वाकल्या. त्याने अंगठा त्यांच्या डोळ्याखाली टेकवून पापणी खाली ओढली, आत पाहिले, आणि हात मागे घेतला. “तुमच्यातबी कमीच हाय, बाई.”

बाई घड्याळ बघत जिन्याकडे निघाल्या.

खाली येऊन त्यांनी धनाजीला दोन वाक्यांत समजावले. ते इंजेक्शन म्हणजे एक शिकारी. रोगट पेशींवरची एक खूण हुंगत ते जाते आणि त्यांना धरते. तीच खूण साध्या लाल पेशींवरही अगदी किंचित असते, प्रत्येकाच्या. अर्जुनाच्या स्वतःच्या पेशींवरची औषधाने केव्हाच पुसून टाकली. पण परक्या पेशी नळीत आल्या की उरलेले औषध त्यांना जाऊन चिकटते. चार-सहा महिने ते अंगात राहते. म्हणजे नळी खोटे बोलत होती. बावीसच्या बावीस निर्दोष असण्याची शक्यता होती.

“मग देऊ की पिशवी,” धनाजी म्हणाला.

“आणि या खोट्या आरडाओरड्यामागं एखादा खरा वैरी लपला असेल तर? आधी हा गोंगाट बंद करायचा, मग कान द्यायचा.”

गोंगाट बंद करणारे एक रसायन असते. पिशवीतल्या पेशी त्यात अर्धा-पाऊण तास ठेवल्या की ती खूण गळून पडते. रक्तपेढीत ते नव्हते. बाईंनी आपल्या भाच्याला फोन लावला. जिनेश कुपवाडला, प्रयोगशाळांची रसायने छोट्या बाटल्यांत भरून विकणाऱ्या कारखान्यात होता.

“आत्या, मुलगी बघितलीस काय?”

“तुझं नंतर. अमुक पावडर आहे का तुमच्याकडं?” बाईंनी नाव अक्षर-अक्षर सांगितले.

“आहे. पण थंड ठेवायला लागती.”

“मग थंड आण. अर्ध्या तासात.”

जिनेश पाऊण तासाने आला. कुपवाडहून दुचाकीवर, पायांत बर्फाची पिशवी, पिशवीत कुल्फीचा डबा, डब्यात बाटली, वर कालच उघडल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी. दोन वाजून दहा मिनिटे झाली होती. बाईंनी प्रशिक्षणातली वही काढली, पावडर मोजून विरघळवली, आणि खोली एका विलक्षण दुर्गंधीने भरून गेली.

“आईशपथ,” धनाजी नाक धरून म्हणाला, “सडक्या अंड्याचा वास.”

“असा असतो होय?” बाई म्हणाल्या, आणि काम करीत राहिल्या.

पाऊण तास ऊब. मग धुणे, एकदा, दोनदा, चारदा. आधी ओळखीच्या पेशींवर ताडून पाहणे, रसायनाने आपले काम केले की नाही. नाहीतर नळी गप्प झाली याचा अर्थ गोंगाट थांबला असाही होईल आणि आपणच बहिरे झालो असाही. हे ताडण्यात आणखी तास गेला. वरून दोनदा फोन आला. दुसऱ्यांदा धनाजीने तो घेतला आणि “बाई धुतायत” एवढेच सांगून ठेवला. चार वाजता लोणंदहून राजवर्धनने फाइलचे फोटो पाठवले, तेव्हा त्यात बाईंनी ओळखलेल्या औषधाचेच नाव होते. बाईंनी ते वाचले आणि मान हलवली, भाजीवाल्याने वजन बरोबर दाखवल्यावर हलवतात तशी.

पाचला दहा मिनिटे कमी असताना धुतलेल्या पेशी अर्जुनाच्या पाण्यात गेल्या. बाईंनी पहिली नळी उजेडाकडे धरून हलवली. तळातला लाल ठिपका जागचा हलला, कडेने सुटला, आणि धुरासारखा वर आला. दुसरी तशीच. पाचवीपर्यंत तशाच.

हे रसायन आणखी एक खूणही पुसते, तिच्यावरचे वैर या नळीत दिसूच शकत नाही. म्हणून बाईंनी ती खूण मुळात नसलेल्या दोन पिशव्या निवडल्या. त्यांतली एक बिरदेवने दुपारी हट्टाने देऊन ठेवलेली, सगळ्या तपासण्या पार केलेली होती. हे कळल्यावर तो भावकीत छाती काढून फिरला. ड्रायव्हर म्हणाला, “लेका, धुतल्यावर पास झालास.”

सव्वापाचला पिशवी चढली. पहिली पंधरा मिनिटे धोक्याची. बाई पलंगाशेजारी उभ्या राहिल्या. ताप नाही, थंडी नाही, कंबरेत कळ नाही. दुसरी पिशवी, नोंदी, सह्या. खाली येऊन त्यांनी डबा उघडला तेव्हा बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले होते. त्यांनी डबा मिटला आणि धनाजीपुढे सरकवला. धनाजीने अतिशय दुःखी चेहऱ्याने दोन्ही शेंगपोळ्या संपवल्या.

मग रिकाम्या खोलीत, अजून रेंगाळणाऱ्या त्या वासात, बाईंनी स्वतःचे बोट टोचले. यंत्राने आकडा दाखवला: नऊ पूर्णांक चार. एकतीस वर्षे लोकांचे मोजत आलेल्या बाईंनी स्वतःचे शेवटचे कधी मोजले होते, ते त्यांना आठवले नाही.

दुसऱ्या दिवशी अर्जुना उठून बसला होता. बाईंनी त्याला एक जाड पिवळे कार्ड लिहून दिले: हे औषध घेतले आहे, रक्त जुळवण्याआधी रक्तपेढीला दाखवावे. “आबा, हे प्रत्येक ठिकाणी दाखवायचं. परीक्षा घ्यायची नाही.”

“बघू,” अर्जुना म्हणाला, आणि कार्ड घोंगड्याखाली सरकवले.

सुलाबाईने ते तिथून काढून घेतले. “बघू न्हाई. सरकारी डाक्टर मेंढराच्या कानात बिल्ला मारत्यात तसा मारते ह्येला.”

तीन आठवड्यांनी अर्जुना पुण्याची सुई घेऊन परतताना वाट वाकडी करून सांगलीला आला. खिडकीपुढे रांग होती. तो रांगेत उभा राहिला आणि पाळी आल्यावर एक अक्षर बोलला नाही. फक्त मान खिडकीच्या गजांशी आणली. गळ्यात काळ्या लोकरीच्या दोऱ्यात, प्लॅस्टिकमध्ये मढवलेले पिवळे कार्ड लोंबत होते. बाईंनी ते वाचले, नळी घेतली, चिठ्ठी लावली.

“कंबर कशी आहे, आबा?”

“तुमीच सांगा.”

बाई हसल्या. अर्जुनाने मग खिडकीच्या गजातून हात आत घातला. मागच्या रांगेला वाटले म्हातारा काही मागतो आहे. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि चेहरा गजाजवळ नेला. त्याने पापणी खाली ओढली, नीट पाहिले.

“गोळ्या खाताय,” तो म्हणाला. “पन रोज न्हाई.”

बाईंच्या मागे धनाजी खोकला. बाई रक्तवाढीच्या गोळ्या दिवसाआड खात होत्या, आणि हे त्यांनी कुणालाही सांगितलेले नव्हते.